आगीला पाच दगड

लाइपझिगला, छापखान्याच्या तळघरात,
मी दगड घासायचो.
बव्हेरियातली चुनखडी, मेलेल्या बैलासारखी जड.
दोघांनी उचलायची,
तिसऱ्याने दार धरायचं आणि शिव्या द्यायच्या.

वर, उत्तरेच्या उजेडात, हेर लोबेक चित्रं काढत.
दगडावर सगळं उलटं काढावं लागतं:
भाला डाव्या हातात, नदी उगमाकडे निघालेली.
एकदा ते विसरले,
आणि एकाक्ष देवाचा फुटका डोळा
कागदावर भलत्याच बाजूला उमटला.
ड्रेस्डेनच्या एका मास्तराचं चार पानी पत्र आलं.
देव काही बोलला नाही.

त्या वर्षी ऑपेराच्या चित्रांचं मोठं काम होतं.
पाण्यातल्या तीन पोरी, चोरीचं सोनं,
बुटका लोहार, अजगर,
आणि डोंगरमाथ्यावर आगीच्या कड्यात झोपलेली ती,
बापाच्या शब्दाबाहेर गेलेली.
तिच्या चेहऱ्याला एक दगड. चिलखताला एक.
आगीला पाच.
‘माणसापेक्षा आगीचंच बिल मोठं,’
फोरमन त्सायडलर म्हणायचा.

ती म्हणजे ओटीलिए, धुलाईघरातली इस्त्रीवाली.
तासाला चाळीस फेनिष घेऊन
पत्र्याच्या चिलखतात टेबलावर पडून राहायची.
झोपेचं सोंग करावं लागत नसे,
पहाटे चारला उठलेली असायची.
उजव्या मनगटावर इस्त्रीचा जुना डाग,
नावेच्या नाळेसारखा टोकदार.
लोबेकनी तो काढला नाही.
देवाच्या लेकीला कसला डाग!

मी तो ऑपेरा पाहिलाय. म्हणजे अर्धा.
लोबेकनी दिलेलं तिकीट, चौथा माळा, खांबामागे.
खांबाच्या डावीकडे अजगराची शेपूट,
शेपटीखाली चार बूट,
एकाची नाडी सुटलेली.
शेवटी आग आली ती नुसती वाफ होती,
लाल काचेतून उजेड सोडलेला, हे मला कळत होतं;
पण खालची व्हायोलिनं अशी काही पेटली
की मी खांबच धरला.
शेजारच्या म्हातारीने रुमाल पुढे केला.
म्हटलं, नको, डोळ्यात वाळू गेलीय.
सवयीनं.

नोव्हेंबरात तिसऱ्या आगीचा दगड केसभर सरकला.
पस्तीस ताव वाया.
एक नारिंगी ज्वाळ कड्याबाहेर आली
आणि नेमकी तिच्या मनगटावर टेकली,
नावेच्या नाळेसारखी.
त्सायडलर म्हणाला, शेकोटीत टाक.
मी चौतीस टाकले.

मग छपाई संपली. दगड खाली आले.
दगडावर दगड पालथा घालायचा, मध्ये वाळू, पाणी,
आणि आठाचा आकडा काढत हात फिरवत राहायचा.
नाटकगृहात देव बुडवायला चार रात्री लागतात,
शंभर वाजवणारे, एक मिशीवाला छडी नाचवणारा.
मला पाऊण तास.
अजगर, लोहार, सोनं, नदी
राखाडी दूध होऊन गटारात गेली.
चार आगीही गेल्या.
चेहऱ्याचा दगड मी मागे ठेवला होता.
पण एकटा दगड घासता येत नाही,
पुसायलाही जोडीदार लागतो.
पाचवी आग उचलली, तिच्यावर पालथी घातली.
त्या दिवशी आठाचे आकडे
जरा हळू निघाले असतील.

वसंतात ओटीलिए एका ट्राम कंडक्टरबरोबर
केमनिट्सला गेली.
मला सांगून जायचं काही कारण नव्हतं.
तिच्या दगडावर आता मोहरीच्या बरणीचं लेबल आहे.
ओला केला की, तिरप्या उजेडात,
उलट्या अक्षरांखाली एक मनगट दिसतं.
त्सायडलर म्हणतो, नीट घासला नाहीस.
नीटच घासला होता.
चुनखडी चरबी विसरत नाही, एवढंच.

ते मनगट गोरं आहे, कोरं आहे,
लोबेकनी काढलं तसं.
डाग माझ्याकडे आहे,
पलंगाखालच्या पेटीत,
पस्तिसावा.